एसीला हात कोणी लावावा?

मुंबईत नळजोडणी घ्यायची तर महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. घरात नवे वायरिंग करायचे तर सरकारी परवाना असलेला विद्युत ठेकेदार लागतो, आणि त्याच्या हाताखालच्या तारतंत्र्याकडेही स्वतःचा परवाना असावा लागतो. लिफ्टसाठी मुंबई प्रांतात १९३९ सालीच स्वतंत्र कायदा झाला. कारखान्यातल्या बाष्पकावर, म्हणजे बॉयलरवर, उभा राहणारा माणूस परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा लागतो. पण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकून एसी बसवणारा, त्यात दाबाखालचा आणि आता ज्वलनशीलही असलेला वायू भरणारा, सोळा अँपिअरचा प्लग जोडणारा जो माणूस आपण घरात घेतो, त्याच्याकडे काय असावे याबद्दल आपला कायदा जवळपास गप्प आहे. गेज, पाने आणि एक सिलिंडर विकत घेतला, मोबाइल नंबर छापून चार सोसायट्यांच्या वॉचमनकडे कार्डे दिली की उद्या सकाळी कोणीही एसी मेकॅनिक होतो.

हे मला धोक्याचे वाटते आणि अन्यायाचेही. पंधरा वर्षे वस्तादाच्या हाताखाली इमानाने काम शिकलेल्या कारागिराकडे दाखवायला कागद नसतो, आणि तीन महिने हेल्परकी केलेल्या पोराला ग्राहक त्याच्याच रांगेत उभा करतो. मग दोघांतला जो स्वस्त, तो काम घेऊन जातो.

परवाना कशासाठी हवा, ते कळायला आधी काम काय असते ते पाहावे लागेल. दीड टनाचा साधा स्प्लिट एसी घ्या. इनडोअर आणि आउटडोअर यांच्यामध्ये तांब्याच्या दोन नळ्या जातात. नळीचे तोंड फ्लेअरिंग टूलने फुलवायचे आणि त्यावर नट आवळायचा. तोंड वाकडे फुलले, कड चिरली किंवा नट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला, की गॅस तिथून झिरपणार. म्हणून जोड झाल्यावर नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघायचे आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का ते तपासायचे. मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा. पंप नुसता चालू ठेवून भागत नाही. मायक्रॉन गेजवर आकडा पाचशेच्या खाली यायला हवा आणि पंप बंद केल्यावरही वर चढता कामा नये. एवढे झाल्यावर आउटडोअरचे व्हॉल्व उघडायचे. नळी लांबली म्हणून गॅस वाढवायचा असेल तर तो काट्यावर तोलून घालायचा.

नीट केले तर हे दोन-तीन तासांचे काम आहे. मे महिन्यात कारागिराला दिवसाला पाच-सहा घरे उरकायची असतात, आणि पैसे नगावर मिळतात. मग नायट्रोजनचा सिलिंडर गाडीवर येतच नाही. व्हॅक्यूम दहा मिनिटांत संपतो, किंवा पंपच आणलेला नसतो आणि मशीनमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलली जाते. एसी त्या दिवशी छान गार करतो, ग्राहक खूश होतो. आत राहिलेला दमटपणा मात्र तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर हळूहळू खातो. दोन उन्हाळ्यांनी मशीन बसते तेव्हा कोणी फिटिंगला दोष देत नाही, कंपनीला देतो.

इथे एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद चक्रात फिरतो आणि वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. ‘गॅस कमी झालाय’ याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून देणारा माणूस तुमच्याकडून दरवर्षी त्याच दुखण्याचे पैसे घेतो, आणि भरलेला सगळा गॅस हवेत जातो.

धोका पैशापुरता नाही. दाबाची चाचणी नायट्रोजनऐवजी वेल्डिंगच्या ऑक्सिजनने केली, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी ऑक्सिजन मिळून स्फोट होतो. या चुकीने माणसे दगावतात. वायूही बदलत गेले आहेत. जुन्या आर-२२ च्या तुलनेत आर-४१०ए दीडपटीहून जास्त दाबावर चालतो, म्हणजे जुने गेज आणि जुन्या नळ्या त्याला पुरत नाहीत. आज बहुतेक नव्या घरगुती एसींत असलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. गोदरेजने २०१२ पासून शिरवळच्या कारखान्यातून काढलेल्या काही एसींत आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन, वापरला. पर्यावरणाच्या दृष्टीने तो उत्तम, कारण तापमानवाढीला त्याचा हातभार नगण्य आहे. पण ब्रेझिंगची ज्योत पेटवण्याआधी आतला वायू पूर्ण काढला की नाही, खोलीची हवा खेळती आहे की नाही, हे न बघणाऱ्याच्या हातात ते मशीन देणे म्हणजे जिवाशी खेळ. कंपनीने आपल्या तंत्रज्ञांना त्यासाठी वेगळे प्रशिक्षण दिले. वॉरंटी संपल्यावर तेच मशीन नाक्यावरच्या मेकॅनिककडे जाते तेव्हा काय, हा प्रश्न कंपनीच्या हातातला राहत नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे मात्र नाही. तो विजेच्या बाजूने येतो आणि एसीच्या दाराशी थांबतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे विजेच्या मांडणीचे कोणतेही काम, त्यात दुरुस्ती आणि वाढही आली, राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचे असते. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख लागते. यातून दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे बदलण्याचे काम वगळले आहे, पण एका अटीवर: त्याने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. आता जुन्या चाळीतल्या खोलीत पहिल्यांदाच दीड टनाचा एसी बसतो तेव्हा भार वाढतोच वाढतो. पंख्या-दिव्यांसाठी टाकलेल्या बारीक तारेवर तो चढवणे हे उपकरण बदलणे नव्हे, ते विजेचे काम आहे. नियमाने त्याला परवानाधारक माणूस हवा. प्रत्यक्षात एसी बसवायला आलेलाच जवळच्या पॉइंटवरून वायर ओढतो आणि प्लग लावून मोकळा होतो. उन्हाळ्यात बातम्यांमध्ये ‘एसीच्या शॉर्टसर्किटने आग’ असे जे वाचतो, त्यामागे फार वेळा सैल जोड किंवा बारीक तार असते. वायूच्या बाजूने तर एवढेही नाही. सिलिंडरच्या सुरक्षिततेची जबाबदारी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेकडे आहे, पण सिलिंडरमधून मशीनमध्ये वायू भरणारा कोण असावा, हे विचारणारा कोणी नाही.

दुसरे देश परवान्यापर्यंत कसे पोचले, ते पाहण्यासारखे आहे. बाष्पकांचा आपला स्वतःचा इतिहास सांगतो की परवाना बहुधा अपघाताच्या मागून येतो. १८६३ मध्ये कोलकात्यात बाष्पकाचा मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा झाला. अमेरिकेत एसीच्या वायूबाबत जे घडले त्याचे मूळ मात्र आकाशात होते. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले की क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वर जाऊन ओझोनचा थर पोखरतात. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. १९९० साली अमेरिकेने आपल्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यातल्या कलम ६०८ ने जुलै १९९२ पासून हा वायू मुद्दाम हवेत सोडण्यावर बंदी आणली. नोव्हेंबर १९९४ पासून परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही असा वायू असलेले मशीन उघडता येत नाही. परीक्षेचे तीन गट आहेत: लहान उपकरणे, जास्त दाबाची यंत्रे, कमी दाबाची यंत्रे. तिन्ही जमले तर ‘युनिव्हर्सल’ कार्ड मिळते.

या पद्धतीची खरी ताकद परीक्षेत नाही. परीक्षा सोपी आहे, लहान उपकरणांची तर पुस्तक उघडून घरबसल्याही देता येते, आणि एकदा मिळालेले कार्ड आयुष्यभर चालते. ताकद आहे दुकानात. कार्डाशिवाय वायू विकत मिळत नाही. लाखो घरांमागे निरीक्षक पाठवणे कोणत्याच सरकारला शक्य नसते, पण वायूच्या विक्रेत्यांवर नजर ठेवता येते. ऑस्ट्रेलियानेही हेच केले. तिथे वायू हाताळण्याचा परवाना देशभर एकच आहे आणि वायूची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यवसायाला वेगळी परवानगी लागते. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या नियमाने प्रमाणपत्राची अट प्रोपेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड यांच्यापर्यंत वाढवली. नवे वायू हवेला सौम्य असले तरी हाताळायला कडक आहेत, हे तिथे ओळखले गेले.

कलम ६०८ वायूपुरते आहे. काम नीट झाले का, पैसे घेऊन ठेकेदार पळाला तर काय, घरमालकाचे छत गळले तर कोण भरून देणार, यासाठी अमेरिकेत दुसरा थर आहे तो ठेकेदाराच्या परवान्याचा. तो राज्याराज्याचा वेगळा. टेक्सासमध्ये दोन वर्ग आहेत. ‘अ’ वर्गाला कितीही मोठे काम घेता येते. ‘ब’ वर्गाची मर्यादा थंड करण्यासाठी २५ टन आणि तापवण्यासाठी ताशी १५ लाख बीटीयू. मागच्या ७२ महिन्यांत ४८ महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव, परीक्षा आणि विमा अशा अटी आहेत. परवाना दरवर्षी नवा करताना आठ तासांचे शिक्षणही घ्यावे लागते. कॅलिफोर्नियात सी-२० हा या कामाचा गट. दहा वर्षांतला चार वर्षांचा कुशल अनुभव, एक पेपर कामाचा आणि एक कायदा-व्यवहाराचा, वर २५,००० डॉलरचा बाँड. हाताखाली एकही माणूस नसला तरी या गटाला कामगार भरपाईचा विमा २०२३ पासून सक्तीचा आहे. बाँडचा हेतू सरळ आहे: ठेकेदाराने बुडवले तर ग्राहकाला दावा सांगायला काहीतरी हाताशी असावे.

आणि तिसरा थर प्रत्येक कामाच्या परवानगीचा. बहुतेक शहरांत नवी भट्टी किंवा नवा एसी बसवण्याआधी नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचे परमिट काढायचे आणि झाल्यावर निरीक्षकाने येऊन बघायचे. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात याचे महत्त्व किती, हे आपल्याला चटकन उमगत नाही. तिथे घर तापवणारी गॅसची भट्टी तळघरात असते आणि तिचा धूर नीट बाहेर गेला नाही तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच घर संपते. आपल्याकडे बाथरूममधल्या गॅस गिझरने घेतलेले बळी त्याच जातीचे आहेत, आणि तो गिझर बसवणाऱ्याकडेही आपण काही मागत नाही. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाला हात लावणारा प्रत्येक जण ‘गॅस सेफ’ नोंदवहीत असावा लागतो. २००९ पासून ही नोंदवही चालते आणि कारागिराच्या ओळखपत्रावर तो कोणकोणते काम करू शकतो ते छापलेले असते.

अमेरिकेची व्यवस्था आदर्श मात्र नाही. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्याने या ठेकेदारांसाठी राज्याचे परीक्षा मंडळ आले, तर डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्वेनियात गेलात की या कामाचा राज्यस्तरीय परवानाच नाही, शहराशहराचे नियम आहेत. न्यूयॉर्क राज्याचेही तसेच. एडिसनहून फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला तीच भट्टी बसवताना विचारायचे प्रश्न बदलावे लागतात. टीकाही जुनी आहे. मिल्टन फ्रिडमन यांनी १९६२ मध्येच लिहिले होते की परवान्याने आत असलेले लोक बाहेरच्यांना दार बंद करतात आणि भाव चढवतात. व्हाइट हाउसच्या २०१५ च्या अहवालाने सांगितले की १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वीसातल्या एकापेक्षाही कमी कामगारांना परवाना लागायचा, अहवालाच्या वेळी चारांतल्या एकाहून अधिकांना लागत होता, आणि परवान्याने दर्जा किंवा सुरक्षितता सुधारते असे बहुतेक अभ्यासांत दिसत नाही.

ही टीका मी हलक्यात घेत नाही, कारण आपल्याकडे ती जास्तच लागू होते. परवाना म्हणजे टेबलाखालचे पैसे, एजंट, आणि परवाना एकाच्या नावावर पण काम दुसऱ्याच्या हाताने, हे आपण वायरिंगच्या कामात पाहतोच. टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या धर्तीवर विमा, बाँड आणि अनुभवाच्या कागदांची अट इथे लावली तर मोठ्या कंपन्यांचे डीलर तेवढे उरतील. बिहार-उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून आलेला, वस्तादाकडे शिकलेला, दहावी न झालेला कारागीर एका रात्रीत बेकायदा ठरेल. म्हणून माझे मत असे की आपण ठेकेदाराच्या परवान्यापासून सुरुवात करू नये. सुरुवात कारागिराच्या हातातल्या प्रमाणपत्रापासून व्हावी, आणि त्याची सक्ती वायूच्या दुकानात.

त्याची सामग्री तयार आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कित्येक वर्षे चालतो. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’ मध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. म्हणजे वर्गात दोन वर्षे न बसताही, येत असलेले काम करून दाखवले की प्रमाणपत्र मिळते. वाट चांगली आहे, पण तिच्यावरून चालायचे कारण कारागिराला कोणी दिलेले नाही. प्रमाणपत्र असले तरी गॅस तोच, भाव तोच, ग्राहक विचारत नाही. मग एका दिवसाचा रोज बुडवून परीक्षेला कोण जाईल?

कारण दिले की काय होते, ते आखाताकडे पाहिल्यावर कळते. सौदी अरेबियाने कामाच्या व्हिसाआधी कौशल्याची परीक्षा लावली तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या कामांत वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर यांच्याबरोबर एसी तंत्रज्ञही होता. रत्नागिरीतून आखातात जाणारी पिढी या कामात आहे. तिकडे जाण्यासाठी परीक्षा द्यायला तयार असलेला तोच कारागीर दादरच्या इमारतीत विनापरीक्षा काम करतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपण कधी मागितलेच नाही.

घाई करायला आता कारणही आहे. हवामान तापवणाऱ्या हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंविषयीची मॉन्ट्रियल करारातली किगाली दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये ती स्वीकारली. तिच्यानुसार आपल्याला २०२८ मध्ये वापर गोठवायचा आहे, २०३२ पासून पायरीपायरीने उतरवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. याचा रस्त्यावरचा अर्थ असा की येत्या वर्षांत आर-२२, आर-४१०ए, आर-३२, आर-२९० अशी चार जातींची मशीने एकाच सोसायटीत शेजारी-शेजारी असतील. कोणता वायू कशात चालतो, कशात चालत नाही, कोणता जळतो, हे न कळणारा माणूस त्या सगळ्यांना एकाच सिलिंडरमधून ‘टॉपअप’ करील. भेसळ कुठवर जाते हे जगाने २०११ मध्ये पाहिले. व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीतकंटेनरांत बनावट वायू भरला गेला होता आणि पुढे ते फुटून बंदरांवर कामगार मेले.

महाराष्ट्राला यासाठी नवे खाते उघडायला नको. विद्युत ठेकेदारांचे परवाने देणारे अनुज्ञापक मंडळ राज्याकडे आहेच. त्याच्याकडे एसी तंत्रज्ञांची एक नोंदवही द्यावी. शिक्षणाची अट नसावी. आयटीआयमध्ये रविवारी मराठी आणि हिंदीत प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी: फ्लेअर करून दाखव, नायट्रोजनने दाब धर, व्हॅक्यूम मायक्रॉनवर मोज, वायू तोलून भर, वायरचा आकार आणि एमसीबी निवड, कमरेला पट्टा बांधून खिडकीबाहेर उतर. फी नाममात्र ठेवावी आणि पहिली तीन वर्षे ती एसी कंपन्यांकडून घ्यावी, कारण नीट फिटिंगचा पहिला फायदा त्यांनाच होतो. कार्डावर फोटो आणि तपासता येणारा क्रमांक असावा. तीन वर्षांनी कार्डाशिवाय वायूची विक्री बंद व्हावी. ठेकेदाराचा विमा आणि बाँड यांचा विचार मोठ्या इमारतींच्या कामापासून, त्यानंतर करता येईल.

तोवर ग्राहक म्हणून आपल्या हातात थोडे आहे, पण ते खरे आहे. एसी बसवायला माणूस आला की नायट्रोजन आणि व्हॅक्यूम पंप आणला आहे का ते विचारा, आणि गेजवरचा आकडा स्वतः बघा. गॅस कमी आहे म्हणाला तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. नव्या पॉइंटसाठी परवानाधारक वीजतंत्री वेगळा बोलवा. माणूस पट्टा न बांधता खिडकीबाहेर उतरत असेल तर त्याला थांबवा. आणि या सगळ्यासाठी त्याला दोन तास जास्त लागतील, त्या दोन तासांचे पैसे घासाघीस न करता द्या.